काडी कुणी ओढायची

महिपत पाष्टेला गॅसची भीती वाटत नव्हती. भरलेला सिलेंडर खांद्यावर मारून तो दोन जिने न थांबता चढायचा. रेग्युलेटर बसवताना, रबरी नळी चढवताना त्याचा हात कधी अडला नाही. त्याला भीती वाटायची ती पेटवायची. काडी ओढल्यापासून जाळ लागेपर्यंत जो पापणी लवण्याएवढा वेळ जातो, तेवढ्यात त्याचे पाय आपोआप मागे सरायचे आणि तोंडातून भलतेच शब्द बाहेर पडायचे.

याला कारण मुळ्येसाहेब. रत्नागिरीत मुळ्येसाहेबांनी गॅसची एजन्सी काढली तेव्हा लांज्याकडच्या गावातून आलेला महिपत त्यांना पहिल्या भेटीतच पसंत पडला होता. गावच्या शिमग्यातल्या नमनात राजाचं सोंग घेऊन बोलून बोलून त्याचा आवाज असा तयार झाला होता, की साधं ‘येऊ का आत?’ विचारलं तरी माणसं ताठ बसत. असा माणूस घरोघरी जाऊन गॅस जोडून देईल आणि बायकांना नीट समजावून सांगेल, असं साहेबांना वाटलं. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतः शेगडी पेटवून दाखवायला घेतली. चावी फिरवली आणि मग काड्यापेटी शोधायला लागले. डाव्या खिशात नव्हती, उजव्या खिशात नव्हती. तोंडाने शिकवणं चालूच होतं. काड्यापेटी शेवटी फळीवर सापडली. महिपत चांगल्या विद्यार्थ्यासारखा वाकून शेगडीकडे बघत होता. साहेबांनी काडी ओढली. भप्प! डाव्या बाजूची अर्धी मिशी गेली. आठ दिवसांवर शिमगा आला होता. अर्ध्या मिशीचा माणूस राजा म्हणून कसा उभा करायचा, असा गावात प्रश्न पडला आणि त्या वर्षी त्याला तोंड झाकणारं सोंग देण्यात आलं.

तेव्हापासून महिपतने स्वतःची एक पद्धत काढली. गॅस जोडून झाला, सगळं सांगून झालं, की तो तीन पावलं मागे सरायचा आणि म्हणायचा, “काडी तुम्ही ओढायची, वहिनी. तुमचा हात बसला पाहिजे.” वहिनींना बरं वाटायचं. आपल्यावर एवढा विश्वास टाकणारा माणूस बाजारात दुसरा कोण होता? मुळ्येसाहेबांच्याही कानावर ही कीर्ती गेली. “बाई स्वतः पेटवते म्हणून विसरत नाही. हा मास्तर व्हायचा, चुकून गॅसवाला झाला,” असं ते चारचौघांत सांगायचे. दोन वर्षांत महिपतने दीडशे घरांत गॅस जोडला, पण त्यातल्या एकाही घरात जाळ त्याच्या काडीने लागला नव्हता. स्वतः तो खानावळीत जेवायचा.

पंच्याऐंशी सालच्या जानेवारीत त्याला मांडवीला जायचा हुकूम झाला. सोनूबाई भाटकर यांचा नंबर लागला होता. मुंबईला असलेल्या त्यांच्या पुतण्याने, बाळाने, एजन्सी निघाली तेव्हाच गॅससाठी अर्ज भरून ठेवला होता. तो भरल्याचं सोनूबाई विसरूनही गेल्या होत्या.

सोनूबाईंचं नाव महिपतला ऐकून माहीत होतं. साठी ओलांडलेली एकटी बाई, काटकुळी, पण मांडवीत तिच्या वाटेला कुणी जात नसे. न्हाणीघरात निघालेलं जनावर, चांगला हातभर साप, तिने सांडशीत धरून बाहेर टाकलं होतं. एसटीच्या कंडक्टरने थांबा सोडून पुढे उतरवलं म्हणून तिने गाडी मागे घ्यायला लावली होती. अशी बाई काडी ओढायला काय घाबरणार? सायकलच्या कॅरियरला शेगडी बांधून महिपत शीळ घालत मांडवीला निघाला.

सिलेंडर सकाळीच टेम्पोवाला ठेवून गेला होता. तो ओटीवर उभा होता आणि सोनूबाई त्याच्यापासून बरंच अंतर ठेवून अंगणात उभ्या होत्या.

“तू गॅसवाला?”

“होय, मावशी. सैपाकघर कुठे?”

सैपाकघर मागच्या बाजूला होतं. महिपतने आत गेल्या गेल्या चुलीतले निखारे पाणी ओतून विझवले. सोनूबाईंना ते मुळीच आवडलं नाही.

“माजी चूल का विझवलीस?”

“गॅस जोडताना घरात कुठे इस्तव नको. देवापुढचा दिवा?”

“तो सकाळीच शांत झाला. बरं, शेगडी ठेव इथं.” त्यांनी चुलीशेजारची जमीन दाखवली.

“खाली नाय चालत. सिलेंडर खाली उभा, शेगडी त्याच्यापेक्षा उंच. आणि तुम्ही उभ्या.”

“उभी? जन्मभर बसून जेवण केलं मी. आता उभी राहून करू? घोडी हाय मी?”

बराच वाद झाल्यावर बाळाचं शाळेतलं शाईचे डाग पडलेलं टेबल आलं. सोनूबाईंनी ते खिडकीखाली ठेवलं, महिपतने तिथून हलवलं. मांडवीच्या समुद्राचा वारा सरळ त्या खिडकीतून आत येत होता. “वाऱ्याने जाळ विझतो आणि गॅस चालू राहतो,” तो म्हणाला. “खिडकी उघडी पायजे, पण शेगडी तिच्या तोंडाशी नको.” टेबलाच्या मागे भिंतीवर कॅलेंडर होतं, तेही त्याने काढून दुसऱ्या भिंतीला लावलं. मग नळी चढवली, रेग्युलेटर बसवला, वाटीत साबणाचं पाणी केलं आणि सगळ्या जोडांना लावलं.

“नळीला आंघोळ कसली घालतोस?”

“बुडबुडे येतात का बघायचं. आले तर गळतंय. काडी लावून कधी बघायचं नाय.”

बुडबुडे आले नाहीत. महिपत ताठ उभा राहिला, घसा साफ केला आणि नमनातला आवाज काढून म्हणाला, “आधी काडी, मग चावी! काडी पेटवून बर्नरपाशी न्यायची आणि मग चावी फिरवायची. चावी फिरवून काड्यापेटी शोधत बसायचं नाय!”

“आधी काडी, मग चावी,” सोनूबाई म्हणाल्या.

“शाबास. आता ओढा काडी. तुमचा हात बसला पाहिजे.” आणि तो तीन पावलं मागे सरला.

सोनूबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. “ओढीन की. घाई कसली? पण वर ठेवणार काय? रिकामा जाळ जाळू? आधी भांडं ठरवूया.”

आजवर कुठल्याच घरात हा मुद्दा निघाला नव्हता. महिपतला तो एकदम पटला. “बरोबर! भांडं पायजेच. आणि कसलंही चालत नाय.”

सोनूबाई लगबगीने आत गेल्या आणि पितळेची तपेली घेऊन आल्या. महिपतने ती शेगडीवर ठेवून बोटाने ढकलली. तपेली डुलायला लागली.

“बूड गोल. चुलीवर बसेल, इथं डुलणार. धक्का लागला की आमटी तुमच्या पायावर.”

“जाऊ दे. दुसरं आणते.”

दुसरं आलं ते कालवणाचं मडकं. “चुलीच्या धगीचं हे. इथं एकदम जाळ लागला तर तडकेल.” मग चाळीस माणसांना श्राद्धाचं जेवण घालता येईल एवढी लोखंडी कढई आली. “फार मोठी. दोन्ही बर्नरवर पसरली. खाली धग कोंडते, नळी तापते.” मग बाळाने मुंबईहून आणलेली किटली आली, तिचा दांडा सैल निघाला. “गरम झाल्यावर हातात दांडा आणि खाली किटली.” प्रत्येक भांड्याला महिपत नवं कारण काढत होता आणि प्रत्येक कारण ऐकून सोनूबाईंचा चेहरा खुलत होता. भांडं नापास झालेलं बघून खूश होणारी बाई महिपतने आजवर पाहिली नव्हती. पण त्याचंही बरं चाललं होतं, म्हणून त्याने फार विचार केला नाही.

मग त्यांनी बिडाचा तवा आणला. महिपतने तो उचलला आणि त्याचा जीव थोडा थोडा झाला. सपाट, जड, शेगडीवर बसला तो पाषाणासारखा बसला. असा तवा नापास करणं म्हणजे पाप होतं.

“ह्याला... ह्याला काजळी हाय,” तो म्हणाला. “काजळी असली की धग आत शिरत नाय. वाया जाते.”

“मग घासते!” सोनूबाई म्हणाल्या आणि राख नि नारळाचं सोडण घेऊन मागच्या दारी बसल्या. इतक्या सावकाश तवा घासताना महिपतने कुणाला पाहिलं नव्हतं. एक हात फिरवायच्या, थांबायच्या, समुद्राकडे बघायच्या. महिपतही उंबऱ्यावर टेकला. अर्ध्या तासाने तवा आरशासारखा झाला तेव्हा सोनूबाईच म्हणाल्या, “पण आता ह्याच्यावर भाजणार काय? पीठ कुठे भिजवलंय? राहू दे हा.”

“राहू दे,” महिपतने लगेच दुजोरा दिला.

सैपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. तपेली, मडकं, कढई, किटली, तवा, आंघोळीचं घंगाळ, दुधाचा गडवा. शेवटी सोनूबाईंनी देवघरातून ताम्हन आणलं.

“हे चालेल?”

“मावशी, ताम्हनात काय शिजवणार?”

“विचारून ठेवलेलं बरं.”

ताम्हन परत गेलं. आता घरात भांडं उरलं नाही. सोनूबाईंनी मागच्या दाराने हाक मारली, “कमळे! ए कमळे! तुज्याकडे सपाट बुडाचं काय हाय का गो?” त्यांना नकार अपेक्षित होता हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. पण शेजारची कमळा हौशी. ती धावत आली, मधल्या दगडी गडग्यावरून जर्मनचा टोप आणि झाकणी देऊन गेली.

महिपतने टोप हातात घेतला. बूड सपाट आणि जाड. रुंदी बर्नरला पुरेशी, म्हणजे जाळ बाजूने वर येणार नव्हता. कडा धरायला चांगल्या. झाकणी घट्ट. त्याने टोप उलटा केला, बोटाने वाजवला, वास घेतला, भोकं आहेत का म्हणून उन्हाकडे धरून बघितला.

“काय खोट हाय?” सोनूबाईंनी आशेने विचारलं.

“कायच नाय,” महिपत म्हणाला. दोघांचीही तोंडं उतरली.

टोपात चहाचं पाणी घातलं गेलं. टोप शेगडीवर गेला. शेजारी काड्यापेटी ठेवली होती. सोनूबाईंनी ती एका बोटाने महिपतकडे सरकवली. महिपतने एका बोटाने परत सरकवली. ती पुन्हा आली. पुन्हा गेली. टेबलाच्या कडेवरून खाली पडली तेव्हा दोघेही तिच्याकडे बघत राहिले.

“तू एकदा दाखव की पेटवून.”

“तुमचा हात बसला पाहिजे.”

“हात नंतर बसव. आधी तू.”

“तशी पद्धत नाय, मावशी.”

बाजारात मासळीचे कल्ले उघडून बघावेत तशा नजरेने सोनूबाईंनी त्याच्याकडे बघितलं. “मेल्या,” त्या हळूच म्हणाल्या, “तू घाबरतोस.”

“नाय.”

“घाबरतोस!”

महिपतने आयुष्यात पुष्कळ सोंगं वठवली होती, पण या बाईपुढे एकही टिकेना. “होय,” तो म्हणाला. “आणि तुमी?”

“मी? मी कुणाच्या बापाला...” सोनूबाईंचं लक्ष सिलेंडरकडे गेलं आणि त्या मटकन पाटावर बसल्या. “मरणाची घाबरते. बाळाची बायको म्हणाली होती, भडका उडाला तर कौलं भगवतीच्या किल्ल्यावर जाऊन पडतात. कालपासून मला झोप नाय. टेम्पोवाला आला तेव्हा मी न्हाणीघरात कडी लावून बसले होते.”

महिपतने त्यांना मुळ्येसाहेबांची, काड्यापेटीची आणि मिशीची हकिकत सांगितली. सोनूबाई एवढ्या हसल्या, की पलीकडून कमळाने विचारलं, “काय झालं?” दीडशे घरांत जे कुणाला सांगता आलं नाही ते सांगून महिपतलाही हलकं वाटलं. पण गॅस अजून पेटायचा होताच.

“चूड पेटवून लांबून लावूया काय?” सोनूबाईंनी सुचवलं.

“माडाच्या झावळ्यांची मशाल? सैपाकघरात? मग कौलं किल्ल्यावर जायचीच.”

शेवटी माडाच्या पातीतली एक लांब, ताठ हीर आणली आणि तिच्या टोकाला काडी दोऱ्याने बांधली. काडी पेटवून हीर महिपतने धरायची आणि चावी सोनूबाईंनी फिरवायची, तीही हाताने नाही, सांडशीने. महिपत उंबऱ्यावर एक पाय बाहेर टाकून उभा राहिला. सोनूबाई भिंतीला पाठ लावून सांडशी पुढे करून उभ्या राहिल्या.

“मी ‘आता’ म्हटल्याशिवाय फिरवायचं नाय. आधी काडी, मग चावी.”

“माहीत हाय. तू डोळे मिटू नकोस म्हणजे झालं.”

पहिली काडी वाटेतच विझली. दुसरी टोपाच्या झाकणीवर आपटून पडली. तिसरी बर्नरपाशी पोचली, महिपत “आता!” म्हणून ओरडला, सोनूबाईंनी सांडशी फिरवली आणि दोघांनी खांदे वर घेतले.

फुप्.

झोपेत मूल ओठ मिटतं, एवढाच आवाज झाला. टोपाखाली निळ्या पाकळ्यांचं एक गोल फूल उमललं आणि नीट बसून राहिलं.

“एवढंच?” सोनूबाई म्हणाल्या.

“एवढंच,” महिपत म्हणाला. त्याने हीर दारामागे टेकवली.

“आनी ह्याच्यासाठी मी अर्धा तास तवा घासला?”

महिपत साबणाची वाटी धुवायला विहिरीवर गेला. त्याला एकदम भूक लागली होती, वारा गोड लागत होता. त्याने तोंड धुतलं, पाय धुतले, थोडा वेळ उगाच माडांकडे बघत राहिला.

आत सोनूबाई टोपाकडे बघत उभ्या होत्या. पाणी काही उकळेना. जाळ त्यांना बारीक वाटला. त्यांना धूर, कडकड आवाज आणि ठिणग्यांची सवय, आणि हा जाळ अगदी सभ्य. चाळीस वर्षं जाळ बारीक झाला की त्यांचा हात जिकडे जायचा तिकडेच तो गेला. त्यांनी फुंकणी उचलली, बर्नरवर रोखली आणि छाती भरून फुंकर घातली.

फूल विझलं.

सोनूबाई वाट बघत राहिल्या. चुलीत फुंकल्यावरही जाळ आधी दबतो आणि मग उसळतो, तसा हाही उसळेल असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी आणखी एकदा फुंकलं. आत नुसतं सूं सूं ऐकू येत राहिलं. सांगायची लाज वाटली म्हणून त्या तशाच उभ्या राहिल्या.

महिपत आत आला आणि उंबऱ्यावरच थबकला. सडक्या कांद्यासारखा वास घरभर पसरला होता.

“मावशी, जाळ कुठाय?”

“मगाशी जरासं फुंकलं.”

पेटवायच्या नावाने गळाठणारा महिपत तो हाच का, असं कुणालाही वाटलं असतं. दोन ढांगांत त्याने चावी बंद केली, रेग्युलेटर बंद केला आणि दोन्ही दारं उघडली. “बाहेर चला! कशाला हात लावू नका!”

सोनूबाईंचा धीर मात्र पार सुटला होता. “देवा भैरीबुवा, सांभाळ!” त्या म्हणाल्या, टेबलावरची काड्यापेटी उचलली आणि देवापुढे निरांजन लावायला धावल्या.

महिपतने झडप घातली. काड्यापेटी त्यांच्या मुठीत होती आणि ती मूठ सोडवणं सोपं नव्हतं.

“सोड! देवाला दिवा लावू दे!”

“दिवा लावलात तर देवासकट जाल!”

काड्यापेटी एकदाची त्याच्या हाती आली. ती घेऊन तो अंगणातून सरळ रस्त्यावर पळाला, आणि त्याच्या मागे फुंकणी उगारून सोनूबाई. “धरा त्याला! धरा!”

समोर गडग्यावर गंगाराम नार्वेकर विडी ओढत बसले होते. तीस वर्षं गलबतावर तांडेल म्हणून काढलेला माणूस, त्यांना हुकूम सोडायची सवय होती. ते आडवे आले. “थांब! काय चोरलंस म्हातारीचं?”

“काड्यापेटी!” महिपत धापा टाकत म्हणाला.

तेवढ्यात कमळाही आली आणि नाकाला पदर लावून म्हणाली, “कसला घाण वास येतोय वो?”

“थांबा, मी बघतो आत जाऊन,” गंगाराम म्हणाले आणि पेटती विडी ओठांत धरून फाटकाकडे निघाले.

महिपतने उडी मारली, त्यांच्या तोंडातून विडी काढली, वाळूत टाकली आणि चपलेने रगडली. गंगाराम तोंड उघडं टाकून उभे राहिले. वादळात, भर दर्यात, कप्तानासमोरसुद्धा त्यांच्या तोंडातून कुणी विडी काढली नव्हती.

“पंखा लावू काय मधल्या घरातला?” कमळा दारात पोचली होती. “वास जाईल.”

“बटणाला हात लावायचा नाय!” महिपतने पूर्ण आवाज सोडला. कमळा जागीच थिजली. माडावरचे दोन कावळे उडाले. “बटणातसुद्धा ठिणगी असते. सगळे गप्प उभे राहा. गॅस जड असतो, जमिनीशी बसतो. तो दारातून बाहेर लोटायचा. मावशी, सूप हाय?”

सूप होतं. झाडूही होता. पुढचा पाऊण तास मांडवीच्या लोकांनी जे बघितलं त्यावर ते पुढे कित्येक दिवस बोलत होते. सोनूबाई वाकून सुपाने जमिनीवर वारा घालत होत्या, कमळा कोपऱ्याकोपऱ्यातून काहीही नसलेलं झाडून उंबऱ्याकडे आणत होती आणि गंगाराम धोतराचा सोगा हलवून ते बाहेर घालवत होते.

“काय झाडताय?” रस्त्यावरून जाणाऱ्या एकाने विचारलं.

“गॅस,” कमळा म्हणाली.

“दिसत तर काय नाय.”

“तुला पायापुढचं तरी काय दिसतंय?” सोनूबाई आतून ओरडल्या. “जा आपल्या वाटेने.”

गंगारामांनी कंटाळून विचारलं, “गेला काय?”

“मडक्यामागे जरा उरला असेल,” महिपत म्हणाला, आणि गंगारामांनी मडक्यामागे निमूटपणे सोगा हलवला.

वास पार गेला. समुद्रावरचा वारा घरातून आरपार वाहत होता. महिपतने मुद्दाम आणखी थोडा वेळ जाऊ दिला, चारही खोल्यांत जमिनीशी नाक नेऊन वास घेतला, पुन्हा साबणाचं पाणी लावून बघितलं, आणि मगच रेग्युलेटर उघडला. विडीचा राग गंगारामांच्या नाकावर अजून होता. ते टेबलाजवळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“एवढा शहाणा आहेस तर पेटव बघू आता. विडी काय करते म्हणे? एवढीशी विडी!”

“एवढीशी?” महिपत उखडला. “काका, एवढ्याशा विडीने तुमचं धोतर जळतं का नाय? मग गॅस कोंडलेल्या घरात काय होईल? आणि तुमी गडग्यावर बसणारे, आत वास आला की बाहेरच थांबायचं. वास आला की काय? काडी नाय, विडी नाय, बटण नाय! चावी बंद, वरचा रेग्युलेटर बंद, दारं सताड उघडी. आणि पेटवायचं कसं? आधी काडी...” त्याने काडी ओढली आणि बर्नरपाशी नेली. “मग चावी!” त्याने चावी फिरवली. “फुंकणी लावायची नाय. जाळ कमी वाटला तर चावी मोठी करायची. उकळी आली की बारीक. झाकणी ठेवली की अर्ध्या वेळात...”

काडीने बोट पोळलं तेव्हा तो थांबला. हातातल्या काळ्या काडीकडे बघितलं. टोपाखाली निळं फूल उमललं होतं. मागे सरायला तो विसरला होता.

गंगाराम आणि कमळा जाळाकडे बघत होते. त्यांना कळायसारखं काही नव्हतंच. सोनूबाई महिपतकडे बघत होत्या. त्यांनी झाकणी टोपावर सारखी केली आणि साखरेचा डबा शोधायला लागल्या.

चहा चार कपांत ओतला गेला. गंगारामांनी पहिला घोट घेऊन “धुराचा वास नाय, चव कसली?” अशी तक्रार केली आणि दुसरा कप मागितला. महिपत निघाला तेव्हा सोनूबाईंनी त्याला बजावलं, “रविवारी ये. कमळीचा टोप तिला परत द्यायचा हाय. मला माजं भांडं घ्यायचंय, आनी तुज्याशिवाय मी घेणार नाय.”

रविवारी दोघं राम आळीत एका भांड्यांच्या दुकानात शिरली. दुकानदाराने चकचकीत स्टीलची पातेली मांडली, आतून फडक्याने पुसून दाखवली. सोनूबाईंनी एकेक उचललं, उलटं केलं आणि बूड बघितलं. “पातळ. कालवण करपेल.” दुसरं. “गोल.” तिसरं काचेच्या टेबलावर ठेवून बोटाने ढकललं. “डुलतंय.”

“बाई, भांडं आतून बघतात,” दुकानदार वैतागून म्हणाला.

“जाळ आतून लागतो काय?” सोनूबाईंनी विचारलं.

तोवर दुकानात आलेल्या आणखी तीन बायका आपापल्या हातातली भांडी उलटी करायला लागल्या होत्या. दुकानदाराने महिपतकडे मदतीच्या अपेक्षेने बघितलं. महिपतने एक टोप कानाशी धरून वाजवला आणि मान हलवली.

दुपारची दुकानं बंद व्हायची वेळ झाली. पसंतीचा टोप एकदाचा सापडला होता, पण त्याची झाकणी सैल बसत होती आणि सोनूबाई दुकानातल्या सगळ्या झाकण्या एकेक करून लावून बघत होत्या. दुकानदार अर्ध्या फळ्या लावून दारात उभा होता. महिपत पालथ्या घातलेल्या घंगाळावर बसला होता. त्याला पुन्हा भूक लागली होती.

“मावशी, ही बसते की बरी.”

“बरी?” सोनूबाई मागे न बघता म्हणाल्या. “वाफ बाहेर गेली की गॅस फुकट जातो, असं म्हणाला कोण? तूच. बस गप. ती वरची दे बघू, लाल कडेची.”

दुकानदाराने शिडी लावली.